चित्रपटाने गाणं हरवलं नाही, आमच्या दारापर्यंत आणलं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र वाचलं. जुन्या लावण्या, अभंग, कवींच्या चांगल्या कविता चित्रपटवाल्यांनी उचलल्या, पडद्यावर नाचवल्या आणि त्यात मूळ गाणं हरवलं, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र तळमळीने लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याचं उत्तरही तितक्याच मनापासून द्यावंसं वाटलं. त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असेल, वडीलधारे गाण्याच्या बैठकीला जात असतील. आमच्या घरी यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडे गाणं आलं ते टॉकीजमधून आणि रेडिओवरून. त्या वाटेने आलं नसतं तर ते आमच्यापर्यंत कधीच पोचलं नसतं.

मी विडी कामगार आहे. आता कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या घरकुलात राहते, पण लहानपण सगळं सोलापूरच्या साखर पेठेत गेलं. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू. नायना, म्हणजे वडील, मागावर आणि अम्मा विड्या वळायची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग माझ्याही मांडीवर सूप आलं. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने कापायची. सुपातली चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मान खाली, नजर बोटांवर. डोळे आणि हात दोन्ही अडकलेले, मोकळे फक्त कान. शेजारच्या घरी रेडिओ होता. त्या मावशी तो मुद्दाम खिडकीत ठेवायच्या, म्हणजे बोळातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल. एका गाण्यात किती विड्या होतात हे आमच्या हातांना माहीत असायचं.

त्या रेडिओची एक गोष्ट आज फार आठवते. निवेदिका गाणं लावायच्या आधी चित्रपटाचं नाव सांगायची, आणि तेवढ्यावर थांबायची नाही. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा, सगळं शांतपणे सांगायची. गदिमा, पी. सावळाराम, वसंत देसाई, वसंत पवार, सुधीर फडके ही नावं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. ती कानावर पडून पाठ झाली होती.

आता पत्रलेखकांच्या मुद्द्याकडे येते. सुरुवात आपल्याच गावापासून करू. शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. पेशवाईच्या शेवटच्या काळातले. घराणं विद्वान ब्राह्मणाचं आणि यांना नाद तमाशाचा, त्यापायी घरच्यांशी बिनसलं. मग पंढरपुरात संस्कृत शिकले, कीर्तनं केली, पण लावणी सुटली नाही. असा माणूस आपल्या गावात होऊन गेला हे आमच्या पेठेत कुणाला ठाऊक असणार? आम्हाला ते सांगितलं ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने. तो १९४७ सालचा, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. जयराम शिलेदार राम जोशी झाले होते, हंसा वाडकर त्यात होत्या, संगीत वसंत देसाईंचं. मी तो पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, जुने चित्रपट परत लागायचे तेव्हा, मॅटिनीला. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सुरू झालं आणि बाकावरच्या म्हाताऱ्या मंडळींनी पायाने ताल धरला. ती लावणी चित्रपटासाठी लिहिलेली नव्हती. खुद्द राम जोशींची होती, म्हणजे तेव्हाच जवळजवळ दीडशे वर्षांची. गदिमांनी त्याच बाजाची नवी पदं लिहून तिच्या शेजारी ठेवली. जुनी कुठली आणि नवी कुठली हे ऐकून ओळखता येत नाही.

चित्रपटाने ही लावणी मारली म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, चित्रपट नसता तर ती कुठे असती? शाहिरी काव्याच्या एखाद्या जुन्या पुस्तकात, ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर. अभ्यासकांना ती भेटली असती. सुपापुढे बसलेल्या बाईला नसती भेटली.

शाहीर होनाजी बाळांचंही तेच. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही भूपाळी ‘अमर भूपाळी’ने १९५१ साली घरोघरी नेली. संगीत पुन्हा वसंत देसाई, गळे पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे. होनाजी पुण्याचे गवळी. गवळ्याने लिहिलेली भूपाळी सकाळी दूध तापवताना ऐकायची, यात मला अजूनही फार गोडी वाटते. 

बहिणाबाई चौधरींबद्दल मात्र थोडं थांबून लिहायचं आहे, कारण तिथे माझी अम्मा येते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी, त्यांच्यामुळे ती कागदावर राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मग १९६१ साली अनंत माने यांच्या ‘मानिनी’त ‘अरे संसार संसार’ आलं, वसंत पवारांच्या चालीत. पुस्तक निघालं तेव्हा ते वाचणाऱ्यांनी वाचलं. अम्मा वाचणारी नव्हती. तिला मराठीसुद्धा बाजारहाटापुरती यायची. पण हे गाणं लागलं की ती हातातली विडी तशीच धरून थांबायची आणि ते संपलं की मगच दोरा गुंडाळायची. चुलीचे चटके आधी बसतात आणि भाकर मागून मिळते, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. अर्थ विचारायची ती फक्त खानदेशी शब्दांचा, आणि तो मलाही नीट सांगता यायचा नाही. एका निरक्षर बाईचं गाणं दुसऱ्या निरक्षर बाईपर्यंत पोचायला पुस्तक पुरलं नाही, मधे चित्रपट यावा लागला.

पत्रलेखकांचं एक म्हणणं मला पटतं. लांब कवितेतली चित्रपटाच्या गाण्यात दोन-चारच कडवी बसतात, बाकीची गळतात. पण ‘मानिनी’तली गाणी ऐकून ऐकूनच मी पुढे मुलाकडून ग्रंथालयातून ‘बहिणाबाईंची गाणी’ मागवलं आणि राहिलेली कडवी वाचली. गाणं आधी कानात होतं म्हणून पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं.

आता आमच्या तेलुगू घरातलं. अम्माला भद्राचल रामदासूंची कीर्तनं यायची, तिच्या आईकडून आलेली. रामदासू म्हणजे कंचर्ला गोपन्ना, गोवळकोंड्याच्या तानाशाहाकडचे तहसीलदार. सरकारी वसुलीच्या पैशातून भद्राचलमला रामाचं देऊळ बांधलं म्हणून त्यांना कैदेत टाकलं होतं. रामा, तू माझ्याशी बोलतच नाहीस, तुझा शब्द सोन्यासारखा महाग झाला का, असं विचारणारं त्यांचं ‘पलुके बंगारमायेना’ अम्मा देवापुढे म्हणायची. आम्हा मुलींना त्याचं काही नव्हतं, म्हाताऱ्यांचं गाणं वाटायचं. मग १९८० साली के. विश्वनाथ यांचा ‘शंकराभरणम्’ आला. त्यात वाणी जयराम यांच्या आवाजात तेच कीर्तन! सोलापूरच्या आमच्या तेलुगू पूर्व भागात त्या चित्रपटाने वेड लावलं होतं. तो बघून आल्यावर धाकटी बहीण अम्माजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, ते पूर्ण शिकव. चित्रपटात नव्हता तेवढा भागही अम्माने तिला शिकवला. घरातलंच गाणं घरातल्या मुलीपर्यंत पोचायला टॉकीजमधून फिरून आलं. याला हरवणं म्हणायचं का?

उलटही घडतं, आणि ते मला फार आवडतं. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग म्हणून कितीतरी भजनी मंडळं म्हणतात. तो तुकोबांचा नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला, केशवराव भोळे यांनी चाल दिली आणि विष्णुपंत पागनीस यांनी गायला. ‘कानडा राजा पंढरीचा’ आषाढीला वाटेवर ऐकू येतं. ते गदिमांचं, ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातलं, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेलं. सोलापुरात ते गाणं जास्तच जवळचं वाटतं, कारण इथे एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड आणि तिसरीत तेलुगू. अभंग पडद्यावर गेला आणि पडद्यावरचं गाणं टाळ-मृदंगात येऊन बसलं. ही देवघेव दोन्हीकडून चालू आहे, आणि त्यात मला कुणाचंच नुकसान दिसत नाही.

कवींच्या बाबतीत तर चित्रपटाचे उपकारच आहेत. पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शाळा शिकलेले डॉ. जब्बार पटेल यांनी ‘सामना’त आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ घेतलं, ‘सिंहासन’मध्ये सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’ घेतलं. आमच्या मोर्चांत ‘उषःकाल’ मी स्वतः म्हटलं आहे. त्या गर्दीत कवितासंग्रह विकत घेतलेली बाई एकही नव्हती आणि शब्द मात्र सगळ्यांना येत होते.

हल्लीचंही उदाहरण आहे. माझी नात ‘सैराट’च्या गाण्यांवर नाचणारी. शेवटी आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या मुलाने केलेला चित्रपट, त्याचा आम्हा सगळ्यांनाच अभिमान. नाट्यसंगीत म्हटलं की मात्र ती उठून जायची. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आला. तिच्या मैत्रिणी जाणार होत्या म्हणून तीही गेली. आल्यापासून ‘सूर निरागस हो’, ते नवं गाणं. महिनाभराने बघते तर मोबाइलवर ‘घेई छंद मकरंद’ चालू, आणि आवाज चित्रपटातला नव्हता. तो वसंतराव देशपांडे यांचा होता, १९६७ साली आलेल्या मूळ नाटकातला. “आजी, हे मूळचं. अभिषेकीबुवांची चाल आहे,” असं तिनेच मला समजावून सांगितलं. वसंतरावांपर्यंत तिला कुणी हाताला धरून नेलं नाही. चित्रपटाने दार उघडलं, पुढची पायरी ती स्वतः चढली.

इतकं सगळं झालं तरी पत्रलेखकांना जे दुःख आहे ते खोटं नाही. त्यांनी दोष मात्र भलतीकडे दिला आहे, असं मला वाटतं. मूळ गाणं हरवतं ते चित्रपटात घेतल्यामुळे नाही. ते लिहिणाऱ्याचं नाव पुढे कुणी सांगत नाही, म्हणून हरवतं. आणि इथे मला माझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

‘सोनियाच्या ताटी उजळल्या ज्योती’. भाऊबीजेला हे गाणं लागत नाही असं घर महाराष्ट्रात सापडायचं नाही. १९५५ सालच्या ‘भाऊबीज’ चित्रपटातलं, आशा भोसले यांनी गायलेलं. आमच्या तेलुगू घरातसुद्धा भावाला ओवाळताना हेच. ताटात हळद-कुंकू, सुपारी, निरांजन, एवढंसं कणकेचं काही गोड, आणि रेडिओवर ‘वेड्या बहिणीची वेडी ही माया’. ओवाळताना माझा धाकटा भाऊ गंभीर तोंड करून बसायचा आणि त्या ओळीला दरवर्षी त्याचे डोळे भरायचे. निवेदिका सांगायची, गीत संजीव. कुठले संजीव, कोण संजीव? भावाच्या शाळेतल्या मास्तरांनी एकदा सांगितलं, अरे ते आपल्या सोलापूरचेच, कृष्ण गंगाधर दीक्षित त्यांचं नाव. मला तो दिवस चांगला आठवतो. ज्या गाण्यावर उभा महाराष्ट्र भावाला ओवाळतो ते लिहिणारा कवी आपल्याच गावच्या रस्त्यांवरून चालतो, या आनंदाने मी बोळातल्या प्रत्येक दारात जाऊन ते सांगितलं होतं.

आणि आज? गेल्या दिवाळीत शहरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. हे गाणं आलं. निवेदकाने चित्रपट सांगितला, गायिका सांगितली, टाळ्या घेतल्या आणि पुढे गेला. प्रेक्षकांत बसलेले आम्ही सगळे सोलापूरकर आणि आपल्या कवीचं नाव आपल्याच गावात कुणाच्या तोंडून आलं नाही. मला राहवलं नाही, मध्यंतरात मी जाऊन सांगितलं. त्यांनी हसून मान हलवली, पण दुसऱ्या भागातही तेच. त्याच कार्यक्रमात ‘सुंदरा मनामध्ये भरली’ही झालं, तेही कवीच्या नावाशिवाय. राम जोशींच्या गावात!

मोबाइलवरही हेच आहे. गाण्याखाली चित्रपट असतो, नट-नट्यांची नावं असतात, कंपनी असते. शब्द ज्याचे तो दिसत नाही. माझे यजमान आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणत होते. धागा तुटला की माग थांबवायचा, टोकं शोधायची, गाठ अशी मारायची की चादरीवर हात फिरवला तरी बोटाला लागू नये. ‘जगाच्या पाठीवर’मधलं ‘एक धागा सुखाचा’ त्यांचं आवडतं, आणि ते गदिमांचं आहे हे ते आवर्जून सांगायचे. ते म्हणायचे, चादरीच्या कोपऱ्याला कारखान्याचा छाप असतो म्हणून तरी गिऱ्हाईक विचारतं की माल कुठला. गाण्याच्या कोपऱ्यालाही छाप हवा. सोलापुरी चादरीला आता भौगोलिक मानांकन आहे, दुसऱ्या गावचा माल आपल्या नावावर खपवू नये म्हणून आपण भांडलो. गाण्यांसाठी एवढं भांडायचीही गरज नाही. एक ओळ जास्त छापायची, एक वाक्य जास्त बोलायचं, इतकंच.

म्हणून संपादक महाशय, आपल्याला काही विनंत्या करते. आपल्या पुरवणीत जुन्या गाण्यांवर मजकूर येतो. तो मी कात्रणं काढून ठेवते, इतका मला आवडतो. त्यात चित्रपट, नायक-नायिका, संगीतकार, गायक सगळे असतात, कवी कधी असतो तर कधी नसतो. तो प्रत्येक वेळी असावा. गाणं चित्रपटाच्या आधीचं असेल, एखाद्या शाहिराचं, संताचं, नाटकातलं किंवा कवितासंग्रहातलं असेल, तर तेही लिहावं. आणि आठवले किंवा गदिमांसारख्यांचं गाणं लोक अभंग समजून म्हणत असतील, तर तेही मोकळेपणाने सांगावं. त्याने कुणाची भक्ती कमी होणार नाही.

शहरात गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनाही हीच विनंती. तुमच्यात चांगले गळे आहेत, वादक आहेत. निवेदकाच्या कागदावर कवीचं नाव ठळक लिहून द्या. राम जोशी आणि संजीव या दोघांचं तरी सोलापूरच्या मंचावर चुकू देऊ नका.

शेवटची विनंती आपल्याकडेच. यंदाच्या भाऊबीजेच्या अंकात ‘सोनियाच्या ताटी’ हे गाणं कवी संजीव यांच्या नावासह पहिल्या पानावर छापता येतं का, ते कृपया पाहावं. त्यांच्या वारसांची परवानगी लागेल, ती सोलापुरात मिळवणं अवघड जाऊ नये. गाणं मोठ्या अक्षरांत असलं तर बरं, आमच्या वसाहतीतल्या पुष्कळ बायकांची नजर आता विड्या वळून वळून अधू झाली आहे. त्या दिवशीचे जास्तीचे अंक मी स्वतः विकत घेईन आणि घरोघरी देईन.

कळावे,

आपली,
एक विडी कामगार वाचक
कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर